पत्रातला मुऱ्हाळी

समैस्माजवळचा मळा, कतार
शुक्रवार, ८ डिसेंबर १९७८

सौ. अक्का,

पहिला नमस्कार तानूबाई मावशींना, आणि तो मोठ्यानं वाच. तुझ्या घरात आलेलं पत्र आधी सासूबाईंच्या कानावरून जातं हे मला ठाऊक आहे, म्हणून मी आज फार सभ्य माणसासारखं लिहिणार आहे. मावशी, तुमचा आवाज हिवरवाडीच्या वेशीपर्यंत ऐकू यायचा. तो तसाच खणखणीत असावा, ही देवाजवळ प्रार्थना.

आता तुला. ह्याही दिवाळीला तुला न्यायला कोणी गेलं नाही, असं केसरनं कळवलंय. तुझ्या भावजयीचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, पण खोटं लिहीत नाही बिचारी. तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. इकडे निघताना मी तुझा निरोप घेतला नाही, म्हणून रुसलीस. तात्यांनी शपथ घातली होती, अक्का. तरी तुमच्या वेशीपर्यंत येऊन, बाहेरच्या लिंबाखाली बसून, मी परत फिरलो होतो. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

सगळं माझ्या लग्नाच्या अक्षतांवरून झालं. धोंडीरामकाका अक्षत घेऊन हिवरवाडीला आले, उन्हानं हैराण झाले, रस्त्यावरच्या पहिल्या घरी पाणी प्यायले आणि पाण्याच्या भरात पहिली अक्षत तिथंच देऊन मोकळे झाले. ते घर भावकीतल्या धाकट्या पातीचं. थोरली पाती म्हणजे तुमचं घर, म्हणजे मावशी. मावशींना अक्षत दुसरी मिळाली. मावशी म्हणाल्या, ज्यांना थोरलं-धाकटं कळत नाही त्यांचा मुऱ्हाळी माझ्या उंबऱ्यात नको. तात्या म्हणाले, मग नाहीच येणार. झालं. माहेरचा माणूस, मुऱ्हाळी, न्यायला आल्याशिवाय लेकीनं निघायचं नाही, आणि एकटी आली तर सासरच्यांनी हाकलली असं गाव धरून चालतं. दोन म्हातारी माणसं आपापल्या ओसरीवर ताठ बसली आहेत आणि मधली एका सकाळची वाट ओस पडली आहे. दाजी आईपुढं तोंड उघडत नाहीत. माझंही तात्यांपुढं तेच, त्यांना काय बोलू?

मी आता दोह्यात, नजमा वस्तीतल्या त्या कोंदट खोलीत राहत नाही. मालकानं मला उत्तरेकडच्या त्याच्या मळ्यावर पाठवलंय, पाण्याच्या इंजिनांची देखभाल करायला. वाळवंटात मळा, हसू नकोस. खजूर आहे, टोमॅटो आहे, जनावरांसाठी हिरवा चारा आहे. मालकाचा म्हातारा चुलता इब्राहीम इथंच असतो. तरुणपणी गलबतावरून मुंबईला यायचा, त्यामुळे हिंदी बोलतो, आणि शिव्या तर आपल्याकडच्याच देतो. दर शुक्रवारी पहाटेची नमाज झाल्यावर तो समैस्माला, समुद्रकाठच्या गावात, त्याच्या बहिणीकडे चालत जातो. घरात तीन मोटारी आहेत, पण बहिणीकडे पायीच जायचं म्हणतो. गेल्या शुक्रवारपासून मलाही सोबत नेतो.

वाटेत एक खोलगट जमीन लागते. पावसाचं पाणी तिथं साठतं, म्हणून बोरीची झाडं माजली आहेत. होय, बोरीच, आपल्या गावकीच्या रानातल्यासारख्या. इथलंही रान कोणा एकाचं नाही. शेळ्या कोणाच्याही चरतात, सावली कोणीही घेतो, पण ओली फांदी कोणी तोडत नाही. आज त्या रानात धुकं उतरलं होतं. इब्राहीम पुढं, मी मागं. त्याचा पांढरा झगा धुक्यात विरला आणि थोड्या वेळानं पुढं दिसलं ते लुगडं होतं. माहेरी जाताना बहीण पुढं, भाऊ मागं, ही आपली रीत. तू चालत होतीस, अक्का. डोक्यावरचा पदर एका हातानं धरून, मागं न बघता मला काहीतरी बोलत होतीस. मला अजिबात भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं.

तेव्हा ठरवलं. उंबऱ्यात यायची बंदी माणसाला आहे, कागदाला नाही. मी पत्रातून मुऱ्हाळी येतो. मावशी, परवानगी द्या. चल अक्का, बोचकं घे. गोठ्याच्या मागून निघ, जात्याच्या दगडाला वळसा घाल, खाली कांद्याचा मळा आहे. पाणी सोडलंय, बांधावरून चाल, आणि मागं बघू नकोस, मी आहे.

हे निळं हवाईपत्र एवढंच असतं. कागद संपला. मळ्याच्या विहिरीवर बस, पाय धू. उठायचं ते पुढच्या पत्रात.

तुझा
रंगनाथ


मळा, समैस्मा
शुक्रवार, ५ जानेवारी १९७९

सौ. अक्का,

ऊठ. विहिरीवर फार बसवून ठेवलं, मावशी रागावल्या असतील. त्यांना सांग, टपाल विमानानं येतं पण विमानाला पण पोट भरावं लागतं.

विहिरीवरून निघालो की हरभऱ्याची पट्टी. घाटे भरले असतील. चार डहाळे उपट, शेतमालक बघत असला तरी. माहेरवाशिणीनं उपटलेल्या डहाळ्याला चोरी म्हणत नाहीत, असं तूच मला लहानपणी पटवून द्यायचीस आणि मार मात्र मी खायचो. सोलत सोलत चाल. अर्धे मला दे, मागं हात कर. ओठ खारट झाले ना? मला इथं झाले.

आज रुकैयाबाईंच्या, म्हणजे इब्राहीमच्या बहिणीच्या, अंगणात बसलो. चटईवर कहवा आणि खजूर. बाई पडद्याआडून बोलते, आवाज मावशींसारखा, फक्त भाषा अरबी. तिनं भावामार्फत विचारलं, तुला बहीण आहे का. मी सांगितलं, आहे. मग अक्षतांची सगळी हकिगत सांगावी लागली. थोरली पाती, धाकटी पाती हे हिंदीत सांगताना मला घाम फुटला. इब्राहीम ऐकून घेत होता, मग म्हणाला, "चावल का दाना पहले उधर गया, इसलिए बहन नहीं आती?" मी म्हटलं, तसंच. त्यानं आत सांगितलं. आतून हसू ऐकू आलं.

रुकैयाबाईंनी सांगितलं ते इब्राहीमनं मला असं समजावलं: "मैं समुंदर पे जाता था, छे-छे महिना. ये खुद चल के माँ के पास जाती थी. कौन लेने आएगा? बाप का घर का रास्ता पाँव को मालूम है." मी मान हलवली. आपल्याकडं पायाला रस्ता माहीत असून भागत नाही, हे त्यांना कसं सांगणार?

परत येताना ऊन कललं होतं. बोरीच्या रानात उंट बसले होते, रवंथ करत, आणि सगळीकडं एक पिवळसर उजेड. मला वाटलं, हा उजेड आणि आपल्या ज्वारीवरचा उजेड एकच असणार, फक्त तुमच्याकडून इकडं यायला त्याला थोडा वेळ लागतो. असलं काहीबाही डोक्यात येतं. दिवसभर इंजिनाचा आवाज ऐकल्यावर त्या रानात कान रिकामे होतात आणि मग त्यात कोणीही बोलतं. जास्त करून तू.

आईला थोडा ताप होता, आता उतरलाय. काळजीचं नाही. केसर बघते आहे.

हरभरा संपला. आता ओढा. पाणी घोट्याएवढंच असेल, पण मधला दगड डुगडुगतो, त्याच्यावर पाय देऊ नकोस. चपला हातात घे. मी मागं आहे. मावशींना नमस्कार सांग, आणि सांग की पुढं रान आहे, तिथं मी त्यांच्या सुनेला घाबरू देणार नाही.

कागद संपला. ओढ्यात उभं करतोय, रागावू नकोस.

रंगनाथ


मळा, समैस्मा
शुक्रवार, १९ जानेवारी १९७९

सौ. अक्का,

ओढ्यातून बाहेर ये, पाय गारठले असतील.

संक्रांत झाली. मला इथं तिळगूळ कोण देणार? दोह्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या वसईच्या हेलनबाईंनी नारळाच्या वड्या पाठवल्या. त्यांना संक्रांत नसते, पण कोणीतरी सांगितलं की रंगनाथ तोंड पाडून बसलाय. मी एक इब्राहीमला दिली आणि म्हटलं, आता गोड बोला. तो म्हणाला, मी कडू कधी बोललो?

अक्का, मागच्या पत्रात आईचं मी थोडं कमी करून लिहिलं होतं. ताप उतरत नाही. चढतो, पडतो, पुन्हा चढतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी सुया दिल्या. ती उठून बसत नाही आता. केसर लिहिते की तिचं अंथरूण माजघरातून काढून ओसरीवर, दाराच्या समोर टाकायला लावलं तिनं. कोणी विचारलं तर म्हणते, वारा लागतो. तात्या तिथंच खांबाला टेकून बसतात. ती दाराकडं बघते आणि ते जमिनीकडं. तुझं नाव दोघंही काढत नाहीत.

मी रजा मागितली आहे. मजीद म्हणून इथला कारभारी आहे, तो इन्शाल्ला म्हणाला. ह्या शब्दाला इथं इतके अर्थ आहेत की मी त्यातला चांगला अर्थ धरून बसलोय. मिळाली तर मी खरा येईन. हिवरवाडीच्या वेशीबाहेर त्या लिंबाखाली उभा राहीन, पाहिजे तर पंधरा दिवस उभा राहीन, मावशींना माझी कीव येईपर्यंत. तोवर हे कागदावरचं चालणं चालू ठेवू, म्हणजे पायाला सवय राहील.

आता रान. गावकीचं रान लागलं की तू नेहमी बोलायची थांबायचीस. पुढं धावड्याची झाडं, मग अंजन, मग तो बेहडा ज्याच्याखाली दुपारीही ओल असते. कोणी कुऱ्हाड लावायची नाही म्हणून झाडं एकमेकांत गुंतलेली. ऊन खाली नाण्यांएवढं पडतं. तू त्या उजेडावर पाय देऊन चालायचीस आणि मला म्हणायचीस, सावलीत पाय पडला तो हरला. सासुरवाशीण झालीस तरी खेळायचीस. लोकांसमोर डोक्यावरून पदर, आणि रानात शिरलं की लहान पोर. मला वाटतं, तुझं माहेर आपल्या गावात, धावडीत, नव्हतंच. ते त्या रानात सुरू व्हायचं आणि आपल्या दारापाशी संपायचं.

गेल्या शुक्रवारी इथल्या रानात मी तसाच चाललो, उजेडावर पाय देत. इब्राहीम वळून बघत राहिला. मग त्यानंही झगा वर धरून दोन पावलं तशीच टाकली. सत्तरीचा माणूस.

बेहड्याखाली थांब. शिदोरी सोड. कागद संपत आलाय, पण ह्या वेळी मुद्दामच इथं थांबवतो, सावली चांगली आहे.

रंगनाथ


मळा, समैस्मा
शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९७९

अक्का,

रजा नाही. मजीद म्हणाला खलास, कराराचं वर्ष पुरं झाल्याशिवाय जाता येणार नाही. पासपोर्ट मालकाकडं असतो. इब्राहीम माझ्यासाठी पुतण्याशी भांडला, दोन दिवस जेवला नाही. उपयोग झाला नाही.

केसरचं पत्र आलं आहे. आई आता पेजही टाकून देते. ती वाचेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत, म्हणजे काय ते मला कळतं आणि तुलाही कळेल. मला तिच्यापर्यंत पोचता येणार नाही. तुला येईल. एक सकाळची वाट आहे.

मावशी, आज मी चेष्टा करत नाही. तुमचा मान आधी होता आणि तो चुकला, हे खरं. आमच्या घरातलं कोणी हे कधी तुमच्या तोंडावर बोललं नाही, म्हणून मी बोलतो. पण मुऱ्हाळी कोण येणार? तात्या आईला सोडून हलत नाहीत, आणि हलले असते तरी तुमच्या दारात आले नसते. काका गेल्या पावसाळ्यात वारले. मी इथं. माणूस नाही, मावशी. रीत मोडायची तर तुम्ही मोडा, आम्हाला तो अधिकार नाही. तुम्ही जा म्हणालात तर तिला हाकलली असं कोणी म्हणू धजणार नाही.

अक्का, मी आज एकटाच चालायला गेलो, इब्राहीम रुसून झोपला होता. रानात पोचलो आणि तुझी वाट बघत थांबलो. तू पुढं दिसेनास. बोरी होत्या, शेळ्या होत्या, लांबून समुद्राचा वास येत होता, आणि तू नव्हतीस. कितीही डोळे बारीक केले तरी नव्हतीस. बेहड्याच्या पुढची वाट मला आठवेना. रान कुठं संपतं, पहिलं शेत कोणाचं, ज्वारी डावीकडं की उजवीकडं? ही वाट मी झोपेत चाललोय आणि मला आठवेना. मी तिथंच वाळूवर बसलो आणि रडलो.

म्हणून बेहड्याच्या पुढं मी तुला नेऊ शकत नाही. कागद अर्धा कोरा आहे तरी थांबतो. तू चाल.

रंगनाथ


मु. पो. धावडी
४ मार्च १९७९

चि. रंगनाथ यास अनेक आशीर्वाद.

पत्ता नीट बघ. मु. पो. धावडी लिहिलंय. मी आपल्या ओसरीवर बसून लिहिते आहे, आई बाजूला आहे. चवथीपर्यंतच शिकलेय, तेव्हा चुका काढू नकोस. पहिलं सांगते, आई आहे. काल वाटीभर पेज घेतली आणि ठेवली. डॉक्टर आता बोलायला लागलेत.

तुझी पत्रं मिळत होती. उत्तर दिलं नाही कारण राग होता, आणि राग गेला तेव्हा लाज होती. लिंबाखाली बसून गेलास ते मला तेव्हाच कळलं होतं, आमच्या गुराख्यानं सांगितलं. त्याचाच जास्त राग होता. आत यायचं होतंस, काय व्हायचं ते झालं असतं.

पत्रं आत्याबाईंना, म्हणजे तुझ्या मावशींना, वाचून दाखवावी लागत होती हे खरं. पहिलं वाचलं तेव्हा त्या जोंधळे निवडत होत्या. म्हणाल्या, "लई शाना हाय तुजा भाऊ." दुसरं आलं ते तू ओढ्यात संपवलंस. त्या दिवशी रात्री जेवताना म्हणाल्या, "आगं, त्यो मेला पान्यात हुबं करून गेला की तुला." मग रोज पोस्टमन दिसला की विचारायच्या, आलं का. मला नाही, पोस्टमनला. आईच्या तापाचं वाचलं तेव्हा उठून गोठ्यात गेल्या. रंगा, तीन वर्षांत मी एकदाही माहेर हा शब्द त्यांच्यासमोर काढला नव्हता. काढला असता तर काय झालं असतं, हे आता वाटतं.

शेवटचं पत्र वाचायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. वाचता येत नाही त्यांना, नुसता धरून बसल्या. मग म्हणाल्या, "फुडं कोरा हाय का?" म्हटलं, कोरा आहे. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत मला उठवलं, डोक्याला पदर बांधलेला, हातात काठी. म्हणाल्या, "चल. मळ्यापातुर येते."

मळा आला. तुझी विहीर बुजलीय रे, आता तिथं डांबरी सडक होणार आहे. म्हणाल्या, ओढ्यापर्यंत येते. ओढ्याला पाणी नव्हतं, डुगडुगणारा दगडही कोणी नेलाय. तुझं सगळं जुनं झालंय. रानाशी आलो, म्हटलं आत्याबाई आता फिरा, गुडघे दुखतील. तर म्हणाल्या, "रानात एकलीला कशी सोडू? त्येनं लिवलंय घाबरू देनार न्हाई म्हून." आणि मला म्हणाल्या, तू पुढं हो. रीत माहीत आहे त्यांना. मी पुढं, त्या मागं.

बेहड्याखाली थांबलो. तिथं मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. सांगितलं, त्यांच्या भावाचं आणि सासऱ्याचं बैलावरून वाजलं होतं, त्या नवी नवरी होत्या तेव्हा. भाऊ पुन्हा आला नाही. आई गेली, बाप गेला, मातीलासुद्धा पाठवलं नाही कोणी. हे तुझ्या दाजींनाही माहीत नव्हतं. मला म्हणाल्या, "माज्या वाटंत बी आसंच रान हुतं." मग नाक पुसलं आणि काठी टेकून उठल्या.

धावडीत शिरलो तर बाया दारात येऊन उभ्या. मी एकटी असते तर कुजबुज झाली असती. पण पुढं मी आणि मागं विहीणबाई काठी आपटत, हे बघून कोणाला काय बोलावं सुचेना. तात्या ओसरीवर होते. आत्याबाईंना बघून उठले आणि आत पळाले. मला वाटलं आता दार लावतात. तर फेटा शोधायला गेले होते. उलटासुलटा बांधून बाहेर आले आणि केसरवर ओरडले, पाय धुवायला पाणी आण, आधी त्यांना दे. आत्याबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "इवाई, तुमचा ल्योक मुऱ्हाळी न्हाई म्हनत हुता. म्या आले. म्या आनली." तात्यांनी हात जोडले.

आईनं मला ओळखलं. तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या मागं बघितलं, दाराकडं. मग आत्याबाईंना जवळ बसवून घेतलं. आत्याबाई आठ दिवस राहिल्या, रोज आईचं डोकं चेपत. परवा तुझे दाजी बैलगाडी घेऊन आले आणि त्यांना घेऊन गेले. मला म्हणाल्या, आई बरी होईस्तोवर तू राहा, न्यायला मीच येईन.

आता आईचं एक सांगते आणि पुरं करते. ताप कमी झाल्यापासून ती पुन्हा दाराकडं बघायला लागलीय. मी म्हटलं, आई, मी आले की आता, कोणाला बघतेस? तर म्हणाली, "रंगाला आनाया कोन गेलंय?"

मी सांगितलं, कोणी नाही. तिकडं समुद्र आहे. तर आत्याबाईंच्या सारखंच बोलली, तिला ते कसं सुचलं देव जाणे. म्हणाली, "मंग तू जा की मुऱ्हाळी."

लेकांना मुऱ्हाळी नसतो, हे तिला समजावलं. तिला पटलं नाही. आणि खरं सांगू रंगा, मलाही पटत नाही.

तुझी
अक्का